लाल सालीचा काढा

कुमासी, १० जून १९९१

दुफिएताई,

आधी बातमी सांगते, चौकशा नंतर. एकही मेला नाही!

मामाच्या लाल सालींची पिशवी इथे आणून दिल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. प्रयोगशाळेत नोकरी माझी, औषध माझ्या मामाचं, आणि उंदीर पटापट उताणे पडले असते तर आसिएदू मॅडमसमोर मी कुठल्या तोंडाने उभी राहणार होते? आम्ही मामासारखाच काढा केला, तो आटवून त्याची पूड केली आणि पाण्यात कालवून बोथट सुईने छोट्या उंदरांच्या घशात सोडली. एकेकाला एकच डोस, पण दांडगा. पहिल्या दिवशी मी पिंजऱ्यांसमोरून हलले नाही. ते जरा सुस्तावले, मग उठून खायला लागले. पंधरवडा झाला, सगळे ठणठणीत.

मामाला सांग, त्याच्या भाच्या औषध घेताना जेवढी तोंडं वाकडी करतात तेवढी उंदरांनी केली नाहीत. ही पहिलीच पायरी आहे, पुढे लांबची तपासणी व्हायची आहे, पण मॅडम म्हणाल्या की सुरुवात चांगली झाली.

हे पत्र बेकोएच्या गाडीने पाठवते. त्याला न्कावकावच्या स्टँडवर गाठून उत्तर दे. आणि ईस्टरला येबोआदाजी आले होते म्हणे! दुकान सोडून गावी आले म्हणजे नवलच. मला कळवलंसुद्धा नाहीस, चोरटी कुठली.

तुझी असाबेया


ओदुमासे, २७ जून

असाबेया,

तुझ्या पत्राने मामा लहान मुलासारखा नाचला. बेकोएला त्याने ते स्टँडवर मोठ्याने वाचायला लावलं, एकदा नाही, तीनदा. आता दारावर पाटी लागली आहे: ‘कुमासीत तपासलेले. एकही मेला नाही.’ मी म्हटलं, मामा, निदान उंदीर तरी लिही. तर म्हणतो, ‘गप गं, उंदीर लिहिलं तर माणसं येतील का?’

लांबच्या तपासणीचं बेकोएने वाचलं की नाही कोण जाणे. लोक टाळ्या वाजवत होते.

तुला एक सांगते. मधे मी मामाचं औषध जरा टाळत होते. घशाखाली उतरत नव्हतं, उगाच मन कचरत होतं. तुझं पत्र आलं आणि धीर आला. आता सकाळ-संध्याकाळ घेते. मामा समोर उभा राहतो आणि प्यायल्यावर भोपळ्याची वाटी पालथी करून दाखवावी लागते. एक थेंब जमिनीवर पडला तरी त्याची भुवई वर जाते.

कशासाठी घेते ते विचारू नकोस. कमरेसाठी समज. काही गोष्टी तोंडातून निघाल्या की नको त्या कानावर जातात, आणि मी दोनदा पोळले आहे. दाजी आले होते हे तुला कुणी सांगितलं ते मला कळलं पाहिजे.

दुफिए


कुमासी, ५ ऑगस्ट

ताई,

हे पत्र कुणासमोर वाचू नकोस. मामाच्या हाती तर अजिबात देऊ नकोस. अहवाल बाहेर पडेपर्यंत आम्ही काही बोलायचं नसतं, माझी नोकरी जाऊ शकते. तरी लिहिते आहे.

लांबच्या तपासणीत या वेळी मोठ्या जातीच्या उंदरांच्या पोटुशा माद्या होत्या. काहींना नुसतं पाणी दिलं, काहींना मामाचा काढा. रोज, थोडा थोडा. मी स्वतः दिला. माद्या छान होत्या, खायच्या, माझ्या हाताला हुंगायच्या. एकही मेली नाही. मग मॅडमनी त्यांना उघडलं आणि मी ताटली धरून शेजारी उभी होते. पाणीवाल्यांच्या पोटात पिल्लं ओळीने लागलेली. काढेवाल्यांच्या पोटात ओळ होती, पण पिल्लांच्या जागी नुसते काळपट ठिपके. एकीच्या पोटात काहीच नव्हतं.

मॅडमनी एवढंच म्हटलं, ‘लिहून घे.’ मी घेतलं लिहून.

तुझ्या कमरेबद्दल मी काही विचारत नाही. तू म्हणशील ती कंबर. पण मला हिशेब येतो गं ताई, दाजी ईस्टरला आले होते. उत्तर देऊ नकोस हवं तर, कागदावर काही आणू नकोस. फक्त औषध सोड. आजच.

मला फार भीती वाटते आहे.

असाबेया


ओदुमासे, १४ ऑगस्ट

असाबेया,

तू हे कागदावर आणायला नको होतंस. पाकीट आलं तेव्हा त्याचा डिंक सुटलेला होता, आणि बेकोएची बायको हल्ली माझ्याकडे बघून गोड हसते. आता बोलायचं राहिलंय काय? हो. पाचवा लागला आहे. बघ, लिहायला लावलंस. हे लिहिताना मी दाराला पाठ लावून बसले आहे.

आणि हा कसला न्याय तुझा? जूनमध्ये म्हणालीस एकही मेला नाही, म्हणून मी प्यायला लागले. ऑगस्टमध्ये म्हणतेस पिल्लांचे ठिपके झाले. मधल्या वाट्या कोणी प्यायल्या? मी.

मामाजवळ आडून विषय काढला. म्हटलं, समजा उंदरांना बाधलं तर? तो हसला. ‘उंदराला शेपूट असतं. तुला आहे का?’ मग हसू मावळलं आणि म्हणाला, ‘मागच्या दोन्ही खेपेला तू मधे मधे चुकवलंस, म्हणून हातचं गेलं. या वेळी मी चुकवू देणार नाही.’

ऐक आता. दोन्ही खेपेला मी हेच पीत होते. आणि दोन्ही खेपेला ओबेनेवा मावशी मला अंडी आणून द्यायची. तिच्या स्वतःच्या कोंबड्यांची, उकडलेली, पदरात झाकून. दुसरं मूल निळं पडून आलं तेव्हा मामानेच सांगितलं की ही चेटकीण आहे, हिच्या हाताने मूल खाल्लं. आपण सगळ्यांनी मान डोलावली. तिचं अंथरूण अंगणात फेकलं आणि आपली सख्खी मावशी बोटीत बसून तळ्यापलीकडे गेली. तिच्या कोंबड्यासुद्धा कुणी घेतल्या नाहीत, इतके घाबरलो होतो आपण.

तेव्हा अंडी दोन्ही वेळा आणि औषधही दोन्ही वेळा. मग कशाने? तुझ्या उंदरांचं बरं आहे, एका पिंजऱ्याला द्यायचं, दुसऱ्याला नाही. माझ्याकडे एकच पोट आहे. सोडलं आणि गेलं तर? पीत राहिले आणि गेलं तर?

मी सोडलेलं नाही. तू शिकलेली आहेस, तूच सांग.

दुफिए


कुमासी, १७ ऑगस्ट

ताई,

बेकोएला दिलं नाही, फळवाल्या बाईच्या टोपलीतून पाठवते आहे.

मॅडमना विचारलं. माझी एक मैत्रीण आहे असं सांगून. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं, आणि मैत्रिणीचं नाव विचारलं नाही. म्हणाल्या, ‘आपण उंदराला देतो ते बाईच्या घोटाच्या मानाने खूप जास्त असतं. उंदीर म्हणजे बाई नव्हे. बाईला होईल की नाही, मला माहीत नाही.’ मी ताटल्या धुवायला वळले तर मागून म्हणाल्या, ‘माझी मुलगी असती तर तिच्या ओठाला लागू दिलं नसतं.’

मला याहून जास्त काही माहीत नाही, ताई. खात्री मागशील तर माझ्याजवळ नाही. पण तू मला सांग म्हणालीस, म्हणून सांगते. सोड. काही झालं तर मला दोष दे, जन्मभर दे.

असाबेया


कुमासी, ९ सप्टेंबर

अम्पादूमामास,

माझ्या तीन पत्रांना ताईचं उत्तर नाही. फळवाली म्हणते तुमच्या घरी ती दिसली नाही. बेकोएला विचारलं तर तो गाडीखाली शिरून पाना शोधायला लागला. मामा, माझी बहीण कुठे आहे? तिला काही झालं असेल तर तसं लिहा. तुम्ही लिहीत नाही म्हणून मी जे मनात आणते आहे ते त्याहून वाईट आहे.

असाबेया


ओदुमासे, १६ सप्टेंबर

असाबेया,

शाळेच्या मास्तरांकडून लिहवून घेतो आहे.

मला वाटलं ती तुझ्याकडे आली. बाजाराच्या दिवशी एक गाठोडं घेऊन गेली, ती परतली नाही. येबोआकडे माणूस पाठवला, तिथे नाही. तिच्या उशाखाली मला तुझी पत्रं सापडली. मास्तरांनी वाचून दाखवली. सगळी.

तू मला समोर येऊन सांगू शकली असतीस. मी तुला खांद्यावर बसवून शेतावर नेलंय, पोरी. बायकांना तीस वर्षं हे औषध देतो आहे. तुझ्या आईला तुमच्या दोघींच्या वेळी मीच दिलं. तुम्ही दोघी आलात की नाही? जिवंत आलात की नाही? मग तुझे उंदीर खरे की तू खरी?

पण आई तुमच्या आधी दोनदा हातचं जाऊन अंथरुणाला खिळली होती, ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही. मीही गेल्या आठवड्यापर्यंत विसरलो होतो.

दुफिएला शोध. ओबेनेवाने तिला पाण्यापलीकडे बोलावून घेतलं असेल तर तिचं काही खरं नाही. मला झोप नाही.

तुझा मामा


तळ्यापलीकडून, ६ ऑक्टोबर

असाबेया,

जिवंत आहे. दोघेही आहोत, आतलं लाथा मारतं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ठरवलं सोडायचं. पण आपल्या घरात औषध सोडता येत नाही. रोज मामा समोर, मागे दोन म्हाताऱ्या, आणि वाटी पालथी करून दाखवायची. दोन दिवस तोंडात धरून परसात थुंकलं. तिसऱ्या दिवशी मामाने माझ्याशी बोलायला सुरुवात केली, उत्तर मिळेपर्यंत हलेना. गिळावंच लागलं. येबोआकडे जावं तर सासू मामाच्या औषधाची भक्त. तुझ्याकडे यावं तर मामा दुसऱ्याच दिवशी बाटली घेऊन हजर. मग मी विचार केला, या जगात असं कुठलं दार आहे की जिथे मामा पाऊल ठेवणार नाही? एकच सापडलं.

बोटीत मी डोळे मिटून बसले होते. पाण्याची भीती नव्हती. आयुष्यभर जिला घाबरले, तिच्याच दारात पोट घेऊन चालले होते.

मावशीने दार उघडलं नाही. आतून म्हणाली, ‘कोण तू?’ मी नाव सांगितलं. मग म्हणाली, ‘परत जा. या वेळी तुला काही झालं तर मला अंगणात नाही टाकणार, जाळतील.’ मी म्हटलं, परत गेले तर नक्कीच होईल. ती म्हणाली, ‘मग दुसरीकडे कुठे जा. माझ्याकडे आता फेकायला अंथरूणसुद्धा नाही.’

मी तिच्या चुलीच्या छपराखाली बसून राहिले. सकाळी तिने शेजारणीला हाक मारली आणि तिच्यादेखत माझ्यासमोर यामचा उकडलेला कंद ठेवला. अजून तसंच चाललंय. शेजारीण आल्याशिवाय ती मला काही वाढत नाही. पानाला हात लावत नाही. पलीकडे ठेवून मागे सरते. अंडी हवी असतील तर खुराड्याकडे बोट दाखवते, ‘तूच काढ, तूच उकड, तूच सोल.’ पहिलं अंडं मी सोललं गं. खाल्लं, आणि संध्याकाळपर्यंत पोटावर हात ठेवून बसले. ती उंबऱ्यावर बसून माझ्याकडे बघत होती. कोण कुणाला जास्त घाबरत होतं, सांगता येणार नाही.

मामाला पत्ता देऊ नकोस.

दुफिए


कुमासी, २ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र वाचून मी पिंजऱ्यांच्या खोलीत बसून रडले. मग घाबरले, कारण तू गेलीस ती तिच्याकडे. मग तू लिहिलंस ते पुन्हा वाचलं, आणि स्वतःचीच लाज वाटली. तरी भीती गेली नाही.

मामा इथे आला होता. ठेवणीतलं कापड खांद्यावर, डोक्यावर टोपी. मॅडमना म्हणाला, ‘मला दाखवा.’ त्यांनी माद्यांच्या पोटातलं जपून ठेवलेल्या बरण्या दाखवल्या, एकीकडे पाणीवाल्यांच्या, एकीकडे त्याच्या काढेवाल्यांच्या. त्याने टोपी काढली. कितीतरी वेळ वाकून बघत होता. मॅडम सांगायला लागल्या की हे उंदीर आहेत, प्रमाण जास्त होतं, अजून तपासावं लागेल. तो म्हणाला, ‘बाई, मला दिलासा देऊ नका.’

बाहेर पायरीवर बसला आणि मला एकच विचारलं, ‘दुफिएचं कळतं का काही?’ मी म्हटलं, आहे. एवढंच. कुठे, ते सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही. जाताना म्हणाला, दारावरची पाटी उतरवली आहे, कुणी पोटुशी आली तर परत पाठवतो, पण का ते तोंडातून निघत नाही.

मी त्याला इतका घाबरलेला कधी पाहिला नव्हता. मला वाटलं होतं बघून बरं वाटेल. नाही वाटलं.

जप स्वतःला.

असाबेया


तळ्यापलीकडून, २९ डिसेंबर

असाबेया,

आमच्याकडे पाहुणं आलं आहे. गुरुवारी आलं. ओरडत आलं.

एवढंच लिहिते. आठव्या दिवशी नाव ठेवेपर्यंत ते आपलं नसतं हे तुला माहीत आहे. मन झालं तर राहील, नाहीतर आल्या वाटेने जाईल. मुलगा की मुलगी विचारू नकोस, कुणासारखं दिसतं विचारू नकोस, कापड घेऊन धावत येऊ नकोस. येबोआलाही कळवलेलं नाही. मी अजून त्याच्याकडे नीट टक लावून बघितलेलं नाही, भीती वाटते. सालीचा घोट मी एवढे महिने घेतला, तो कुठे कुठे पोचला असेल? बोटं मोजली, ती बरोबर आहेत. आतलं कोण मोजणार? तुझ्या मॅडमनाही ते सांगता यायचं नाही.

कळा आल्या तेव्हा सुईण माझ्याजवळ होती आणि मावशी बाहेर. आत ये म्हटलं तर आली नाही. वाडीतल्या बायका जमल्या होत्या, त्यांच्यासमोर भिंतीला टेकून उभी राहिली, दोन्ही हात वर धरून, सगळ्यांना दिसतील असे. सुईण सांगत होती, पोरगं रडलं तरी हात खाली आले नाहीत. कुणीतरी धरून खाली आणले.

दोन दिवस सुईणीने अंघोळ घातली. काल तिला दुसऱ्या गावचं बोलावणं आलं, ती गेली. आज सकाळी पाहुणं भुकेने नाही, अंग चिकट झालं म्हणून रडत होतं. मला कुठे न्हाऊ घालता येतंय? आपल्याकडे ते घरातल्या म्हातारीचं काम. मी मावशीला म्हटलं, घाल ना. ती उठून खुराड्यापाशी गेली. म्हणाली, ‘आठ दिवस जाऊ देत. नाव लागू दे त्याला. मग मी घालीन, रोज घालीन, तू नको म्हणशील इतकं घालीन.’ मी म्हटलं, तोवर काय असंच ठेवू? ती म्हणाली, ‘शेजारणीला बोलाव.’ शेजारीण शेतावर गेली होती. ‘मग ती आल्यावर. ती बघत असताना.’

खरं सांगू? क्षणभर मलाही तेच बरं वाटलं. कुणीतरी बघत असावं. पाच वर्षं मनात घट्ट बसलेलं, ते काही बोटीत सुटून पडलेलं नाही. रात्री ती खोकली तरी मी मुलावर हात टाकते.

मग मी उठले आणि दार लावून घेतलं. आत आम्ही तिघंच. तिला ओढून आणून बुटक्या पाटावर बसवलं, तिचे पाय पुढे पसरले, आणि त्याला तिच्या पायांवर ठेवलं. माझा हात सुटत नव्हता. एक एक बोट काढावं लागलं.

ती त्याला शिवली नाही. हात हवेत. माझ्याकडे बघत राहिली, तोंड उघडं. म्हणाली, ‘दुफिए, दार उघड. कुणाला तरी बघू दे. उद्या हे गेलं तर तूच म्हणशील.’

मी म्हटलं, मावशी, उद्या ते गेलं तर मी काय म्हणेन ते मला माहीत नाही. आज त्याला अंघोळ घाल.

पोरगं रडून रडून लाल झालं होतं. मी पातेलं तिच्याजवळ सरकवलं. बऱ्याच वेळाने तिचा एक हात खाली आला. तिने कोपर बुडवून पाणी बघितलं, आणि माझ्यावर खेकसली, ‘एवढ्या थंड पाण्यात घालू होय? आण ते कढत.’

दुफिए